डब्यांचा खडखडाट: आवळायचं कुठं आणि मऊ घालायचं कुठं

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. गाडी दीडशे सीसीची, काम आरओ, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या यंत्रांच्या दुरुस्तीचं. आठवड्यातले चार दिवस सोलापुरातून अक्कलकोट, तुळजापूर, बार्शी अशी फिरती. गाडीला दोन बाजूंना लोखंडी स्टे, म्हणजे डबे धरणाऱ्या पाइपांच्या चौकटी, त्यावर प्लास्टिकचे दोन डबे, मागं कॅरियरवर टॉप बॉक्स. ४५-५० च्या वेगाला उजव्या बाजूनं खर्रर्र असा आवाज येतो आणि ६० च्या पुढं गेलं की थांबतो. गतिरोधकावर टॉप बॉक्स टक् करून वाजतो, तो आवाज वेगळाच. डब्यांमागं फोम कोंबून बघितला, तीन दिवसांत पुन्हा तेच. एका ठिकाणी दाखवलं तर "असं चालायचंच" म्हणून परत पाठवलं. नवीन सेट न घेता घरी काय करता येईल, असं तुम्ही विचारलंय.

पहिली गोष्ट, असं चालायचंच नाही. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या भागात २२ वर्षं कॅरियर, स्टे आणि दुधाच्या कॅनचे स्टँड बनवतोय. खडखडणारी गाडी आली की मला आवाजाचा त्रास नंतर दिसतो, आधी झीज दिसते. जे वाजतंय ते घासतंय. घासलं की बोल्टचं भोक लांबट होतं, मग वेल्डिंगच्या कडेला चीर जाते, आणि एक दिवस १० किलोचा डबा भर रस्त्यात मागच्या चाकाजवळ लोंबकळतो. म्हणून तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत.

फोम का टिकला नाही ते एका वाक्यात सांगता येतं. जिथं दोन भाग बोल्टनं आवळलेले असतात तिथं मऊ काहीही घालायचं नाही, आणि जिथं दोन भाग नुसते एकमेकांना टेकतात तिथंच मऊ घालायचं. लोक नेमकं उलट करतात. बोल्टखाली ट्यूबचा तुकडा घालतात आणि डबा जिथं स्टेवर आपटतो ती जागा उघडी ठेवतात. पुढं जे काही सांगतोय ते सगळं या एका फरकावर उभं आहे.

काही विकत आणायच्या आधी डबे पूर्ण रिकामे करा. आरओच्या कामात हाउसिंगचा, म्हणजे फिल्टरच्या भांड्याचा पाना, फिटिंग्ज, छोटे पाइप, मेंब्रेन (आतली गाळणी) काढायचं हत्यार, सगळंच वाजणारं. रिकामे डबे लावून शेळगीच्या बाजूनं किंवा होटगी रोडनं दहा मिनिटं फिरून या. माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी गाड्यांचा निम्मा आवाज इथंच जातो. मग डबे काढून नुसत्या स्टेवर तोच रस्ता मारा. तरीही आवाज आला तर तो डब्यांचा नव्हताच. साडी गार्ड, चेन कव्हर, नंबर प्लेट, साइड पॅनेल, सायलेन्सरचं जाळीदार कव्हर, साइड स्टँडची स्प्रिंग यांपैकी एक तरी हमखास वाजत असतं आणि आळ डब्यांवर येतो. साडी गार्ड तर जुन्या गाडीवर वाजतोच. त्याचा खालचा बोल्ट मागच्या फूटरेस्टजवळ असतो, तिथं कुणी बघत नाही, आणि स्टे बसवताना बरेचदा तोच बोल्ट काढून त्यात स्टेची पट्टी अडकवलेली असते. एका बोल्टवर तीन पट्ट्या आल्या की जुना बोल्ट आखूड पडतो, नटात दोनच आटे धरतात. तो नीट बघा. आवळल्यावर नटाच्या बाहेर दोन-तीन आटे दिसलेच पाहिजेत.

आवाज नेमका कुठं आहे हे शोधायला गाडी मेन स्टँडवर घ्या, मोकळ्या जागेत, घरात किंवा शटर लावून नाही. घरातल्या कुणाला तरी न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस वाढवायला सांगा. रेसच्या एका ठरावीक जागी आवाज सुरू होईल. रेस तिथंच धरायला लावा आणि तुम्ही एकेक भाग हातानं घट्ट धरून बघा. स्टेचा वरचा पाइप, खालचा पाइप, डब्याचं झाकण, कॅरियरची पट्टी. ज्या जागी हात लावला की आवाज मरतो ती जागा खडूनं खूण करून ठेवा. सायलेन्सरच्या बाजूला जाड हातमोजा घाला आणि चाकाच्या जवळ बोटं नेऊ नका. वर्कशॉपमध्येही आम्ही हेच करतो, याला वेगळं यंत्र लागत नाही.

दुसरी खूण डोळ्यांनी दिसते. बोल्टच्या डोक्याभोवती किंवा पट्टीच्या सांध्यात तपकिरी, पिठासारखी भुकटी दिसली तर तिथं लोखंड हलतंय असं समजा. साधा गंज पापुद्र्यासारखा असतो, ही भुकटी बारीक असते आणि बोटाला लागते. अॅल्युमिनियमचा भाग असेल तर ती काळपट असते. आणि वेल्डिंगच्या कडेनं रंगात केसासारखी तांबडी रेघ दिसली तर ती चीर आहे. तिच्यावर घरगुती इलाज नाही.

आता तुमचा ४५-५० चा खर्रर्र. एका सिलिंडरच्या इंजिनाचा पिस्टन वरखाली होताना प्रत्येक फेऱ्याला गाडीला एक झटका देतो. टॉप गिअरमध्ये त्या वेगाला इंजिन मिनिटाला साधारण ४,००० फेरे घेत असेल, म्हणजे सेकंदाला ६५-७० झटके. तुमच्या स्टेचा पाइप नुसता टिचकी मारून सोडला तर तोही एका ठरावीक लयीत थरथरतो. इंजिनाची लय आणि पाइपाची लय जुळली की पाइप जोरात हलायला लागतो. झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का दिला की तो चढत जातो, तसंच. ६० ला इंजिनाची लय पुढं निघून जाते म्हणून आवाज थांबतो. एका वेगाला येणारा आणि पुढं जाणारा आवाज बहुतेक वेळा असाच असतो, आणि तो नुसता बोल्ट आवळून पूर्ण जात नाही. पाइपाची लयच बदलावी लागते.

त्यासाठी सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे डाव्या आणि उजव्या स्टेला मागून एकमेकांशी जोडणारी आडवी पट्टी. स्वस्तातल्या सेटमध्ये ही पट्टी देतच नाहीत. दोन्ही स्टे वर सीटखाली आणि खाली फूटरेस्टला धरलेले, मागचं टोक मोकळं. ते मोकळं टोक शेपटीसारखं हलतं. २५ मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी घ्या, दोन्ही टोकांना पाइपाला बसतील असे क्लॅम्प किंवा यू-बोल्ट लावा. वेल्डिंगची गरज नाही. पट्टी मडगार्डच्या मागून जाऊ द्या, मडगार्ड आणि टायर यांच्या मधून कधीच नाही. नंबर प्लेट आणि मागचा दिवा झाकला जाता कामा नये. बसवून झालं की दोन माणसं मागं बसवून शॉकअप पूर्ण दाबून बघा, काही कुठं टेकत नाही ना. मी बसवलेल्या पट्ट्यांनी दहातल्या नऊ गाड्यांचा हा वेगातला आवाज गेलाय, आणि पट्टीचा खर्च दोन वेळच्या चहा-नाश्त्याएवढा.

पट्टी लावायच्या आधी मात्र बोल्ट. इथं जरा थांबतो, कारण चूक सगळ्यात जास्त इथंच होते. आपल्याकडं समज असा की बोल्ट हादऱ्यानं वरखाली होऊन सैल होतो, म्हणून स्प्रिंग वायसर टाकला की झालं. गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन अभियंत्यानं १९६९ साली यंत्रावर दाखवून दिलं की बोल्ट सैल होतो तो मुख्यतः आडव्या सरकण्यानं. दोन पट्ट्या एकमेकींवर जराशा आडव्या सरकल्या की आटे थोडे थोडे उलटे फिरतात. तसं सरकू द्यायचं नसेल तर बोल्टनं पट्ट्या घट्ट दाबून धरल्या पाहिजेत, आणि स्प्रिंग वायसर त्यात फारसा उपयोगी पडत नाही. माझ्या हाताखालचा अनुभवही तोच. स्प्रिंग वायसर असलेले बोल्ट मी मुठीनं सोडवलेत.

म्हणून जुने गंजके बोल्ट फेकून द्या. नवे घ्या, खाली जाड सपाट वायसर, आणि नायलॉक नट, म्हणजे आत निळी किंवा पांढरी नायलॉनची कडी असलेला. तो एकदा सोडवला की त्याची पकड कमी होते, म्हणून दरवेळी नवा घाला. दोन-तीन रुपयांची गोष्ट आहे. सायलेन्सरच्या अगदी जवळ नायलॉक नको, उष्णतेनं नायलॉन मऊ पडतं. तिथं दोन नट एकावर एक आवळा. जिथं नट नाही, बोल्ट थेट चेसिसच्या आट्यांत जातो, तिथं आटे स्पिरिटनं पुसून निळं लॉकटाइट, म्हणजे आटे धरून ठेवणारा पातळ गोंद, एक थेंब. लाल नको, ते तापवल्याशिवाय सुटत नाही. १० नंबरचा पाना लागतो त्या बोल्टला हाताच्या मनगटाचा जोर पुरे, पान्याला पाइप लावून ताकद काढू नका. १२-१३ नंबरच्या बोल्टला खांद्याचा जोर लागतो. भोक लांबट झालं असेल तर दोन्ही बाजूंना मोठा जाड वायसर घाला. फारच मोठं झालं असेल तर पट्टी गाडीवरून काढून त्यावर वायसर वेल्ड करून घ्या.

बोल्टखाली रबर का नको, हे मी चूक करून शिकलोय. धंद्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका औषधवाल्या दादांच्या गाडीला कॅरियर बसवला. त्यांना हादरा नको होता म्हणून चारही बोल्टखाली ट्रकच्या ट्यूबच्या जाड चकत्या घातल्या. गाडी मऊ झाली, ते खूश झाले. पंधरा दिवसांनी वैरागच्या अलीकडं कॅरियर एका बाजूला झुकला, दोन बोल्ट गळून पडलेले. औषधांचं खोकं रस्त्यावर. मागून एसटी येत होती, चालकानं वेळेत थांबवली म्हणून निभावलं. मी त्यांच्याकडं जाऊन पैसे परत दिले आणि उरलेल्या चकत्या बघितल्या, निम्म्या जाडीच्या झाल्या होत्या. रबर सतत दाबाखाली राहिलं की बसत जातं, बोल्टचा ताण निघून जातो आणि मग बोल्टला धरून ठेवणारं काही उरत नाही. त्या दिवसापासून भार घेणाऱ्या बोल्टखाली मी रबर घातलेलं नाही.

रबर घालायचंच असेल तर मध्ये लोखंडी नळी हवी. बोल्टपेक्षा जराशा मोठ्या आतल्या व्यासाची नळी कापून घ्या, तिच्याभोवती रबर बुश, म्हणजे रबरी कडं. नळीची उंची रबरापेक्षा साधारण एक मिलिमीटर कमी. बोल्ट आवळला की तो नळीवर जाऊन बसतो आणि पक्का राहतो, रबर मात्र मोजकंच दाबलं जातं. तुमच्या गाडीच्या साइड पॅनेलला, टाकीच्या मागच्या बोल्टला कंपनीनं असंच दिलेलं असतं, काढून बघा. स्पेअर पार्टच्या दुकानात तयार बुश मिळतात.

आता टेकणाऱ्या जागा. मऊ काय घालायचं हे मी दूधवाल्यांकडून शिकलो. पहाटे चाळीस लिटरचा कॅन कॅरियरच्या कडीला अडकवून येणारा माणूस आवाज करत आला तर गल्ली जागी होते. त्यांच्या कड्यांना जुन्या सायकलची ट्यूब घट्ट गुंडाळलेली असते. ट्यूब लांबीत कापून पट्टी करायची, ताणून ताणून गुंडाळायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवायचा आणि शेवटचं टोक आधीच्या दोन वेढ्यांखाली ओवून ओढायचं. चिकटपट्टी लागत नाही. ट्यूब ताणलेली असते म्हणून स्वतःच धरून राहते. तुमचे डबे स्टेच्या ज्या पाइपवर टेकतात तिथं दोन वेढे असे घाला. पेट्रोल सांडतं तिथं मात्र ट्यूब फुगून चिकट होते, तिथं नको.

क्लॅम्पच्या आत, जिथं पाइपाला धरही पाहिजे आणि लोखंड लोखंडावर घासायलाही नको, तिथं मला चामडं आवडतं. आपल्या गावात ते सहज मिळतं. चादर-टॉवेलच्या कारखान्यांत जुन्या धोट्याच्या (शटलच्या) मागांचे चामडी पट्टे बदलून कोपऱ्यात टाकलेले असतात. ओळखीच्या कारखानदाराला मागितले तर हसत देतात. धोट्याचे फटके खाऊन घट्ट झालेलं ते चामडं रबरासारखं बसत नाही. पावसाळ्यात ओलं राहून पाइपाला गंज चढवतं एवढाच दोष, म्हणून बसवण्याआधी त्याला मेण किंवा ग्रीस चोळा.

टॉप बॉक्सचा टक् आवाज वेगळ्या घरातला. तो जवळजवळ नेहमी कॅरियरवरची प्लेट आणि डबा यांच्यामधल्या मोकळ्या जागेचा असतो. डबा प्लेटवर सरकवून चावीनं लॉक केला तरी हातानं वर उचलला की जरा हलतो ना? ती जागा मोजायची. जुनी, मुदत संपलेली एटीएम कार्डं घ्या. एक कार्ड पाऊण मिलिमीटर जाड असतं. डबा लॉक करून मागच्या कडेखाली एकेक कार्ड सरकवत जा. दोन कार्डं सहज गेली आणि तिसरं अडलं तर मोकळी जागा दीड ते सव्वादोन मिलिमीटर. मग तिथं तीन मिलिमीटरचं रबर लावायचं, म्हणजे लॉक करताना ते पाव ते निम्म्या हिश्शानं दाबलं जाईल. याहून जाड लावलं तर लॉकवर सतत ताण येऊन त्याची जीभ मोडते. ट्रकच्या टायरमधला फ्लॅप, म्हणजे ट्यूब आणि रिम यांच्यामधली रबरी पट्टी, कडेला पातळ आणि मध्ये जाड असते, त्यातून हवी ती जाडी कापून मिळते. टायरवाल्याकडं फुकट पडलेला असतो.

चिकटवताना आळस करू नका. दोन्ही बाजू सँडपेपरनं खरवडून स्पिरिटनं पुसा, दोन्हींना फेव्हिबाँडचा पातळ हात द्या, दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबून बसवा आणि रात्रभर तसंच ठेवा. दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची टेप मी सोलापुरात वापरत नाही. पारा ४२-४३ वर गेला आणि गाडी दुपारभर उन्हात उभी राहिली की तिचा डिंक घसरतो आणि फोम कडेनं बाहेर येतो. तुमचा फोमही बहुधा असाच गेला. झाकण वाजत असेल तर दाराच्या फटीला लावतात ती पोकळ रबरी बीडिंग कडेनं फिरवा, आवाजही जातो आणि पावसाचं पाणीही.

आतल्या सामानासाठी जुनी सोलापुरी चादर घ्या. जाड विणीची असते म्हणून हत्यारांचा मार सहन करते. हातभर तुकडा खालून वर दुमडून उभ्या शिवणी मारा, प्रत्येक पान्याला एक कप्पा, वरचा पदर झाकायला. गुंडाळी करून नाडीनं बांधा. हाउसिंगचा मोठा पाना वेगळा टॉवेलमध्ये. फिटिंग्ज डबीत अर्ध्याच भरल्या तर वाजतात. डबी काठोकाठ भरा किंवा उरलेल्या जागेत कापड कोंबा, कोंबायची जागा ही आहे. जड वस्तू बाजूच्या डब्यांत तळाशी आणि पुढच्या अंगाला ठेवा. टॉप बॉक्समध्ये मेंब्रेन, पावत्या, रेनकोट असं हलकंच. तो मागच्या चाकाच्याही मागं असतो. तिथं वजन टाकलं की पुढचं चाक हलकं होतं आणि कॅरियरच्या वेल्डिंगवर जास्त मार बसतो. किती किलो चालतं ते डब्याच्या आत लिहिलेलं असतं, तेवढंच.

वरून पट्टा बांधत असाल तर हुकवाला लवचीक दोर सोडून द्या. हुक सुटून डोळ्याला लागल्याची उदाहरणं मी बघितलीत, आणि तो भार घट्ट धरतही नाही. नायलॉनचा बकलवाला पट्टा घ्या, लांब पट्टा वाऱ्यानं गुणगुणत असेल तर बांधताना त्याला एक पीळ द्या, गुणगुणणं थांबतं. उरलेलं शेपूट गुंडाळून बांधा, चेनमध्ये जाता कामा नये. केबल टाय काळेच घ्या, पांढरे उन्हात लवकर ठिसूळ होतात. पण त्यांनी वायर बांधायच्या, भार नाही.

वेल्डिंगची वेळ आलीच तर स्टे काढून न्या. गाडीवर चढवलेल्या स्टेला वेल्ड मारू देऊ नका. एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ गाडी असेल तर तिचा इंजिन कंट्रोलचा संगणक वेल्डिंगच्या करंटनं जाऊ शकतो, आणि चेसिसला वेल्ड लागला तर तिथली ताकद जाते. चिरेवर एम-सील लावून रंग मारलेले स्टे माझ्याकडं येतात. एम-सील चीर झाकतं, धरत नाही.

तुमच्या गाडीबद्दल माझा अंदाज सांगतो. आवाज फक्त उजवीकडून येतोय. बहुतेक गाड्यांना सायलेन्सर उजवीकडं असतो, म्हणून त्या बाजूचा स्टे बाहेर काढून लांब वळवलेला असतो. लांब पाइप जास्त हलतो. आधी उजव्या स्टेचा फूटरेस्टजवळचा बोल्ट आणि वरचं वळण, जिथं पाइपाला पट्टी वेल्ड केलीय, ते ओल्या फडक्यानं पुसून उजेडात बघा. चीर असेल तर या आठवड्यात बार्शीला त्या बाजूचा डबा न लावता जा. चीर नसेल तर बोल्ट बदला, आडवी पट्टी लावा, मग टेकणाऱ्या जागांना ट्यूब, शेवटी टॉप बॉक्सचं रबर, याच क्रमानं. पहिल्या ५० किलोमीटरनंतर, म्हणजे तुळजापूरला पोचल्यावर, सगळे बोल्ट एकदा पान्यानं तपासा. नवे भाग पहिल्या फेरीत थोडे बसतात. त्यानंतर दर सर्व्हिसिंगला. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून पट्टीपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा, म्हणजे बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल आणि पाना न लावताच पेट्रोल भरताना नजरेनं कळेल.